कोरं लेबल

अर्लीन गॅडसनने आपली तबकडी, नाचासाठी तबकड्या लावणाऱ्या थॅडियसच्या पेटीत गुपचूप सरकवली आणि बरगड्या भाजणाऱ्या शेगडीच्या धुराआड जाऊन उभी राहिली.

शिकागोच्या दक्षिणेला, सरोवराकाठच्या बागेत दर जुलैत हाऊस संगीताची जुनी शौकीन मंडळी भर दुपारी नाचायला जमायची. तिथे नवी तबकडी यायची ती कोऱ्या लेबलची. कुणाची ते सांगायचं नाही. निकाल पायांनी द्यायचा. रीत चांगली होती, पण बाईच्या वाट्याला ती कधी आलीच नव्हती. तीस वर्षांपूर्वी अर्लीनने बनवलेल्या चार तबकड्यांवर तिच्या साथीदाराचं, रॉस्कोचं, नाव छापलं गेलं. बाईचं नाव बघून कोण विकत घेईल, असं तो म्हणाला, आणि या सगळ्यांनी माना डोलावल्या. त्याच माना आजही इथे होत्या, फक्त आता पांढऱ्या केसांखाली. रॉस्को मेला, तेव्हा त्याच्या मयतीला वाजली तीही हिचीच चाल. ही शाळेची बस चालवत राहिली.

यंदा तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुन्हा ते खर्जाचे सूर काढणारं जुनं चंदेरी यंत्र मांडलं. टेक्नोचा दणका, वर त्या यंत्राचा, अॅसिड म्हणतात तो किरकिरा, पिळवटणारा सूर. ही नमुन्याची प्रत होती; तबकड्या छापणाऱ्या कारखान्याला सोमवारपर्यंत लेबलचा मजकूर हवा होता. तिने मनाशी ठरवलं होतं: लोक नाचले तर आपलं नाव, नाही तर कोरंच.

थॅडियसने तबकडी लावली आणि अर्लीनला पहिल्याच ठोक्याला चूक कळली.

तबकडी मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांच्या वेगाची होती. थॅडियसने लावली तेहतीसवर. कोऱ्या लेबलवर वेग लिहायचं तिला सुचलंच नव्हतं. सगळं लपवायच्या नादात तेही लपलं. तिचा धावता ठेका चिखलातून पाय उपसावा तसा चालू लागला. नाचणारे थबकले. एक जोडपं सरळ लिंबू सरबताकडे वळलं. कुणी तरी विचारलं, की हे काय, म्हशीला गुंगी दिली काय.

गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. ही तबकडी कुणाचीच नव्हती. रॉस्कोच्या चार तबकड्याही अशाच, गप्प राहिल्यामुळेच, रॉस्कोच्या झाल्या होत्या.

ती धुरातून बाहेर आली आणि थेट थॅडियसच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"पंचेचाळीसवर लाव, गाढवा. माझी आहे ती."

थॅडियसने कानावरचा हेडफोन सरकवला. "तुझी म्हणजे?"

"म्हणजे मी बनवली. रॉस्कोच्याही मीच बनवल्या होत्या. तुला ठाऊक होतं, थॅड."

त्याला ठाऊक होतं. त्याने मान खाली घातली आणि वेगाच्या बटणाकडे हात नेला.

"हात लावलास तर तोडून ठेवीन," मागून आवाज आला.

ती ओडेसा होती, सत्तरीची, गुडघ्याला पट्टा बांधलेली. ती एकटीच मधोमध नाचत होती, सावकाश, कंबरेतून. वीस वर्षांत कुणी तिच्या गुडघ्याला झेपेल असं वाजवलं नव्हतं, असं तिने सगळ्यांना ऐकवलं. मग तिची बहीण आली. मग सरबताकडे गेलेलं जोडपं पेले हातात घेऊनच परतलं. त्या संथ ठेक्यात अॅसिडचा सूर लांब लांब ताणला जात होता, आणि तो ताण अर्लीनला स्वतःलाच नवा होता. हे आपणच केलंय? केलंय तर.

तबकडी संपली तेव्हा गवतावर पाय ठेवायला जागा नव्हती.

"आता पंचेचाळीसवर लावू?" थॅडियसने विचारलं. "पोरांसाठी?"

"लाव. पण आधी तुझं पेन दे."

तिने तबकडी उचलून घेतली. कोऱ्या लेबलवर आधी 'अर्लीन गॅडसन' लिहिलं, ठसठशीत, अक्षरं कडेला टेकेपर्यंत. मग खाली उरलेल्या जागेत दोन्ही वेग लिहिले.