एका बोटाचा फरक

'ओटला' या बँडची माळवी गाणी इंदूरमध्ये पुष्कळांना आवडायची, पण त्यांचे गिटारचे कॉर्ड नुसते ऐकून नेटवर लिहायची हौस एकट्या रत्नपालला. पलासियाच्या विमा ऑफिसातून घरी आला की तो हेडफोन चढवायचा आणि एकच ओळ पुन्हा पुन्हा ऐकत बसायचा. लग्नाच्या वयाचा मुलगा भिंतीकडे तोंड करून बसतो म्हणून आई कुरकुरायची. पण गिटारवाले म्हणायचे, रत्नपालनं लिहिलं म्हणजे पक्कं. तेवढ्यावर गडी जगत होता.

मग निधी आली. तिनंही पेज काढलं, 'ओटला'चीच गाणी लिहायला लागली. लोक तिला लाइकचे बदाम पाठवू लागले आणि इकडे रत्नपालच्या पोटात दुखायला लागलं. त्यानं तिचं एकेक गाणं आपल्याशी ताडून पाहिलं. सगळं तंतोतंत सारखं! चोरी, दुसरं काय? दोघांची उत्तरं बरोबर असली तर ती सारखीच यायची, हे एखाद्या पोरालाही कळलं असतं. पण जळणाऱ्या माणसाला कोण समजावणार?

चोर पकडायला त्यानं सापळा लावला. बेटमा गावच्या बैलगाडीचं नवं गाणं आलं होतं. त्यात अंतऱ्याच्या शेवटी ई मायनर लागतो. रत्नपालनं मुद्दाम ई मेजर लिहिला. एक बोट जास्त टेकवायचं, एवढाच फरक, पण गळ्याशी असा भांडतो की विचारू नका. निधी तो उतरवील आणि सगळ्यांसमोर तिची फजिती होईल, या आनंदात त्या दिवशी तो आईशीसुद्धा गोड बोलला.

निधीनं लिहिला ई मायनर. रत्नपालच्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे पोरीला कान होता! चोरीपेक्षा हे जास्त झोंबलं. त्या रागात स्वतःच्या पेजवरचा मेजर पुसायचं राहूनच गेलं.

'ओटला'चा कार्यक्रम पोलोग्राउंडच्या एका जुन्या कारखान्याच्या शेडमध्ये होता. बँडचा गिटारवाला नोकरीसाठी बंगळूरला गेला होता. त्याच्या जागी नुकताच आलेला अंकुर वाजवत होता. मध्यंतराआधीचं शेवटचं गाणं बैलगाडीचं. अंतरा संपत आला आणि अंकुरनं ठसक्यात ई मेजर ओढला. गाणाऱ्या मीराबाईंचा सूर हलला. त्यांनी डोळे उघडून अंकुरकडे पाहिलं. पुढच्या अंतऱ्याला पुन्हा तेच. समोर बसलेल्या रत्नपालला वाटलं, जमीन फाटावी.

मध्यंतरात अंकुर त्याला शोधत आला. बरोबर निधी होती.

"भिया, मी तर सगळं तुमच्याच पेजवरून शिकलो ना," अंकुर म्हणाला. "मला तो मेजर खटकत होता, पण म्हटलं तुम्ही लिहिलाय तर गलती माझ्याच कानाची. मीराबाई म्हणाल्या, कान कच्चा असेल तर वाजवणं राहू दे. आता तुम्हीच सांगा, काय आहे तिथे?"

निधी हळूच म्हणाली, "मला मायनर वाटला होता. पण रत्नपालजींचं बघितलं तेव्हापासून मलाच डाउट आहे."

रत्नपालला एक सोपं खोटं सुचलं होतं, की टाइप करताना चुकलं. निधीकडे पाहून ते तोंडातून निघेना. ती खरंच त्याचं उत्तर ऐकायला थांबली होती.

"मायनरच आहे," तो म्हणाला. "निधीचं बरोबर आहे. मेजर मी मुद्दाम लिहिला होता."

का, ते निधीला विचारावं लागलं नाही. तिचा चेहरा उतरला. अंकुरनं मीराबाईंना जाऊन सांगतो एवढंच म्हटलं, फोन काढला आणि दुसऱ्या भागातल्या गाण्यांसाठी तिथेच उभ्या उभ्या निधीचं पेज उघडलं.

दुसऱ्या भागात त्याचा एकही कॉर्ड चुकला नाही. लोकांनी टाळ्यांनी शेड डोक्यावर घेतली. रत्नपाल शेवटपर्यंत बसून ऐकत होता. अंकुर वाजवत होता तो प्रत्येक कॉर्ड रत्नपालच्या पेजवरही अगदी तस्साच लिहिलेला होता.