दोन बोटं सरकवायची रेघ

मी घडीची फळी बोलतेय. हो, लाकडाची साधी फळी. ज्यांना तोंडं होती ते गप्प बसले, म्हणून मला बोलावं लागतंय.

एका कपाटाचं मोडकं दार कापून ताईने मला बनवलं, ते दादासाठी. दादा तीस वर्षांचा, पण जन्मापासून त्याचं डोकं सावकाश चालायचं. मापं, आकडे त्यात टिकत नसत. हॉस्पिटलच्या लाँड्रीत टॉवेलांच्या घड्या घालायचं काम त्याला मिळालं आणि ते शिकवायला एका संस्थेतली ही ताई सोबत आली. तिने माझ्यावर एक तांबडी रेघ ओढली.

"दादा, टॉवेलची कड इथे भिडली की दुमडायचा."

सहा महिने ती त्याच्या शेजारी उभी राहिली. आधी हात धरून, मग नुसतं बोट दाखवून, मग काहीच न करता. मग ती दुसऱ्या कुणाला शिकवायला गेली. महिन्यातून एक चक्कर मारायची.

इस्त्रीवाल्या मावशींनी चेष्टेने त्याला 'घडीमास्तर' नाव ठेवलं. वर्षभरात त्याच मावशी इतरांना झापू लागल्या, "घडी बघायची तर मास्तरांची बघा! तुमची म्हणजे गाढव लोळून उठल्यासारखी."

अशी चार वर्षं गेली. रोज सकाळी दादा मला फडक्याने पुसायचा आणि म्हणायचा, "चला." मला म्हणायचा. माणसांशी नंतर बोलायचा.

मग वॉर्डांत नवी कपाटं आली. कप्पे अरुंद, घडी दोन बोटं लहान हवी. सुपरवायझरने भिंतीवर नव्या मापाचा कागद चिकटवला आणि त्याचं काम संपलं. दादाला वाचता येत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. दोन दिवसांचे टॉवेल परत आले.

"लहान घडी! किती वेळा सांगू? लहान!"

दादाने रेघेवर बोट ठेवलं. "भिडली," तो म्हणाला.

मावशी पुटपुटल्या, "साहेब, रेघच सरकवा की."

"मी काय फळ्या रंगवायला बसलोय? जमत नसेल त्याने घरी बसावं."

मावशी खाली मान घालून इस्त्री फिरवू लागल्या. रेघ सरकवायला त्यांच्याही हाताला ब्रश जड झाला. ताईची चक्कर यायला दहा दिवस होते. दादा त्याच संध्याकाळी कायमचा घरी गेला. ताई आली तोवर त्याच्या जागी दुसरा माणूस लागला होता. मला मशीनमागे सारलं.

चार महिन्यांनी दादाचा धाकटा भाऊ आला. तरणाताठा, डोळे सुजलेले. मला ओढून काढलं, डोक्यावर उचललं. फोडणारच होता.

"रोज डबा घेऊन दारात उभा राहायचा, मावशी! 'चला' म्हणायचा. कुठे नेणार होतो मी त्याला? थंडीत छाती भरली. आठ दिवसांत गेला."

रेघेने त्याचा जीव घेतला, असं मी म्हणत नाही. पण त्याची रोजची सकाळ कुणी घेतली, ते मला माहीत आहे.

ताई तिथेच होती, नव्या माणसाच्या कामाचं ठरवायला आलेली. ती हळूच म्हणाली, "फोडू नकोस रे. सोमवारपासून एक बाई येतेय कामाला. दादासारखीच आहे."

त्याने मला खाली ठेवलं. मग म्हणाला, "रंग आणा."

"आणि जुनी रेघ खरवडावी लागेल," ताई म्हणाली. "दोन दिसल्या तर ती गोंधळेल."

दादाची रेघ त्याने पात्याने खरवडली. दात आवळून, नाक ओढत. मग दोन बोटं मोजून नवी ओढली. सुपरवायझर हातात कप घेऊन दारातून बघत होता.

"साहेब, चहा प्या," धाकटा म्हणाला. "अजून गरम असेल. एवढाच वेळ लागतो."

सुपरवायझरने कप तोंडाला लावला नाही.

आता मी टेबलावर आहे, रंग वाळतोय. सोमवारी ती बाई येईल. कपाटं पुन्हा बदलाल, खुशाल बदला. पण त्या दिवशी तिच्यावर ओरडण्याआधी माझ्याकडे बघा. माझी रेघ सरकवायला मला हात नाहीत. तुम्हाला आहेत.