पाठीच्या वळणाने

सुरतेत चौऱ्याण्णवचा प्लेग येऊन गेला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. थंडीत परदेशातली पाहुणेमंडळी सुरतेत उतरतात, त्या दिवसांत पर्वत पाटिया भागातल्या एका लेडीज टेलरच्या दुकानात नयना नावाची मुलगी आली. जन्म इंग्लंडातल्या लेस्टरचा, होणारा नवराही तिकडचाच, गोरा. लग्नाला तिला पांढरा सॅटिनचा झगा हवा होता. तिकडे मापाने शिवून घेणं तिच्या पगारात बसत नव्हतं, आणि तयार झगा तिच्या अंगाला बसत नव्हता. म्हणून ती आपल्या फोईचं, म्हणजे आत्याचं, बोट धरून इथं आली होती.

दुकान छगनभाईंचं. कटिंग तेच करत. बायकांची मापं घ्यायला मात्र पडद्याआड शोभाबाई जायची. खानदेशातल्या धरणगावकडची बाई, नवरा काशिनाथ लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, बिऱ्हाड गोडादऱ्याच्या वस्तीत. बारा वर्षं ती या दुकानात होती. तिच्या शिलाईला कुणी नाव ठेवलं नव्हतं, पण कापडावर कात्री चालवायला तिला कुणी दिली नव्हती.

पडद्याआड टेप लावताच शोभाबाईला कळलं. मुलीचा पाठीचा कणा मध्येच डावीकडे वळलेला होता. उजवा खांदा दोन बोटं वर होता आणि डाव्या अंगाला कमरेची खाच नव्हतीच.

"लहानपणापासून आहे," नयना गुजरातीत म्हणाली. "तिकडच्या दुकानात सांगतात, वरून शाल घ्या."

"तुम्हाला घ्यायचीय का शाल?"

नयना गोंधळली. हे तिला आजवर कुणी विचारलं नसावं. "नाही," ती म्हणाली.

शोभाबाईने डाव्या-उजव्या अंगाची मापं वेगवेगळी लिहिली. वही पाहून छगनभाई हसले. "अशी मापं कुठं असतात? डाव्या खांद्यात पॅड घालू, पाठीवर झालर सोडू. काही दिसणार नाही."

"तसंच करा," फोई म्हणाली. "फोटो जन्मभर राहतात."

ट्रायलला नयना आरशासमोर उभी राहिली. पॅडमुळे मान आत गेल्यासारखी दिसत होती, आणि झालर तर पाठीवर गाठोडं बांधल्यासारखी. तिने झगा उतरवला, काउंटरवर ठेवला आणि म्हणाली, "ही मी नाही."

"बेन, कापड कापून झालंय," छगनभाई म्हणाले. "विमान सहा दिवसांवर. आता काही होणार नाही."

"होईल," शोभाबाई म्हणाली.

सगळे कारागीर मशिनी थांबवून बघू लागले.

"पाठीचे दोन पट्टे नवे कापावे लागतील. कापड उरलंय. मी कापते."

"तू कापणार?" छगनभाईंचा आवाज चढला. "माझ्या कामाला नाव ठेवून? मग उद्यापासून येऊ नकोस!"

"उद्यापासून कशाला, आत्ताच जाते." शोभाबाईने झगा आणि उरलेलं कापड उचललं, नयनाकडे पाहिलं. नयनाने मान डोलावली.

घरी काशिनाथ रातपाळी करून दिवसा झोपून नुकताच उठला होता. "काम सोडी वुनी का?" त्याने विचारलं.

"सोडं नही. काढी टाकं माले."

त्याने त्या पांढऱ्या ढिगाकडे पाहिलं, हात धुतले आणि खाटेवरची गोधडी काढून धुतलेली चादर अंथरली. त्यावर शोभाबाईने कापड पसरलं. खडूने रेघ आखली आणि कात्री चालवली.

खरी अडचण पाठीच्या बटणपट्टीची होती. वळलेल्या पाठीवर सरळ पट्टी ठेवली की चुण्या पडत. दोनदा टाचून दोनदा उसवली. मग तिच्या मनात आलं, पट्टीने सरळ का जावं? तिने पट्टी कण्याच्या वळणानेच खाली आणली आणि तिच्यावर सॅटिन मढवलेली बत्तीस बटणं लावली.

चौथ्या दिवशी नयना घरी आली. मागोमाग नाक मुरडत फोईही आली. झगा अंगात गेला आणि कुठंही ओढ बसली नाही. कण्याच्या वळणावरून बटणांची ओळ नदीसारखी उतरत होती.

"अगं, हे तर सगळ्यांना दिसेल!" फोई कळवळली.

"दिसू दे, फोई." शेजारणीने आणलेल्या आरशात नयना पाठ वळवून वळवून बघत होती. "ज्याच्याशी लग्न करतेय त्याला माहीत आहे. मग लपवायचं कुणापासून?"

फोई खाटेच्या कडेला बसली आणि म्हणाली, "खालचा घेर मात्र छान पडलाय."

नयना गेली. दहा-बारा दिवसांनी छगनभाई दारात येऊन उभे राहिले. फोईच्या नात्यातली एक बाई दुकानात येऊन माप घेणाऱ्या बाईंचाच पत्ता विचारत बसली होती.

"झालं गेलं सोड. परत ये," ते म्हणाले. "कटिंगही देतो तुला."

शोभाबाईचा पाय घरच्या मशिनच्या पायडलवर चालूच होता. शिलाई टोकाला नेऊन तिने दोरा तोडला.

"कटिंग मी करतेच आहे, छगनभाई. त्या बाईंना इकडं पाठवा. रिक्षावाल्याला म्हणावं, पाण्याच्या टाकीपाशी सोड, तिथून कुणीही घर दाखवेल."