शेवटची ओळ

बजरंगनं पहिला दात पाडला तो कानिफनाथचा. कानिफनाथ संस्थेच्या पंपावर राखणीला. तो एवढंच म्हणाला होता की, पाणी कॉम्प्युटर सोडतो, मी न्हाई. कॉम्प्युटर हाताशी नव्हता, कानिफनाथ होता.

प्रवरेकाठच्या या उपसा सिंचन संस्थेत पाणी खरंच कॉम्प्युटर सोडायचा. ऑपरेटर स्टीफननं नुकतीच एक छोटी शेल स्क्रिप्ट, म्हणजे प्रोग्राम, लिहिली होती. ती यादीच्या फाईलीतली एक ओळ वाचायची, त्या नावाचा व्हॉल्व्ह तासभर उघडायची, मग पुढची ओळ घ्यायची. दर सोमवारी पहाटे पाचपासून, बारा शेतकरी, बारा ओळी. बजरंग संस्थेत शेवटी आला म्हणून यादीतही शेवटी. अकरा जणांना पाणी आलं. बजरंगच्या कांद्यानं माना टाकल्या.

मारामारी करील त्याचं नाव यादीच्या तळाला, हा संस्थेचा जुना ठराव. बजरंग आधीच तळाला होता. त्याला रीतसर उचलून पुन्हा तिथंच ठेवण्यात आलं.

दुसऱ्या सोमवारी त्यानं शेजारच्या नोहाचा हात मोडला. नोहाचं पाणी वेळेवर आलं, हा नोहाचा गुन्हा. ठराव झाला. तिसऱ्या सोमवारी चेअरमन बिभीषणराव त्याला शांततेचं महत्त्व समजवायला गेले. तिसऱ्या वाक्याला त्यांची बरगडी गेली. तो ठराव त्यांनी आडवं पडून मांडला.

चौथ्या सोमवारी दुपारी एकला बजरंगनं स्टीफनच्या टेबलावर फावडं ठेवलं.

"स्टीफन, आज चारला माज्या कांद्याला पानी आलं तर घरी चालत जाशील."

"आन न्हाई आलं तर, दादा?"

"चौघं नेतील."

स्टीफननं स्क्रिप्ट तीस वेळा वाचली. समोर बजरंग फावड्याची धार अंगठ्यानं तपासत बसला होता. पावणेचारला स्टीफनचं लक्ष स्क्रिप्टवरून यादीवर गेलं. एंटर मारलेला असेल तरच ओळ पुरी झाली, असं स्क्रिप्ट धरत होती; अपुरी ओळ ती सोडून द्यायची. आणि स्टीफन शेवटच्या नावापुढं एंटर मारतच नव्हता. यादीखाली मोकळी ओळ दिसली की कुणीतरी आपलं नाव घुसडतं, हे त्याला संस्थेत पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. यादी वहीत होती तोवर ते बरोबरच होतं.

त्यानं एंटर मारला. चारला बजरंगचा फोन वाजला. बायको, सुरेखा. पानी आलं.

"मंजी त्या तिघांनी उगंच मार खाल्ला?" बजरंगनं विचारलं.

"व्हय. चूक माझी हुती."

बजरंग मनाचा सरळ. त्याला फार वाईट वाटलं. तो तिघांच्याही घरी गेला, माफी मागितली आणि चूक कुणाची होती तेही सांगून आला.

दिवेलागणीच्या आत तिघं हापिसात हजर झाले. नोहानं प्लास्टर नसलेल्या हातानं कॉलर धरली. कानिफनाथनं काठी चालवली. चेअरमनना बरगडीमुळं वाकता येईना, म्हणून त्यांनी लाथांवर भागवलं. स्टीफनचा डावा डोळा मिटला, ओठ फाटला, दोन बोटं सुजली.

बजरंग दारात उभा होता.

"ठराव," तो म्हणाला.

ठरावापुढं चेअरमनचंही चालेना. कानिफनाथला जमीनच नव्हती, तो सुटला. स्टीफन खुर्चीत चढून बसला, रुमालानं रक्त पुसलं आणि धड बोटांनी टाईप करू लागला. अकरावा नोहा. बारावे बिभीषणराव. बोट एंटरवर गेलं.

"शेवटी मोकळी ओळ ठिवू नगं रे," मागून चेअरमन धापा टाकत म्हणाले. "कुनीतरी नाव घुसडतंय."

"बरं, साहेब," स्टीफन म्हणाला आणि बोट उचललं.