आगरच्या ढाब्यावरची बॅटरी

मृणाल जामदारला सायकलीचं वेड लागलं ते वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, आणि लावलं ते डॉक्टर शैलेंद्र पोतनिसांनी. उज्जैनमधले हे नामांकित डोळ्यांचे डॉक्टर सायकल क्लबातले सगळ्यांत जुने मेंबर. मराठी मंडळात त्यांना सगळे दादा म्हणायचे, म्हणून मृणालही म्हणायची. ती नानाखेड्याच्या एका शाळेत गणित शिकवायची. पहिल्या वर्षी देवासपर्यंत जाऊन परत येताना तिचे पाय लटपटले होते, तेव्हा दादाच तिच्यासोबत हळूहळू आले होते, आणि ही गोष्ट ती चारचौघांत कौतुकानं सांगायची.

गेल्या दिवाळीत तिनं ग्रॅव्हल सायकल घेतली, तीही दादांच्याच सांगण्यावरून. डांबरावर पळते, मुरमावरही चालते. आणि गिअर बिनतारी.

"तार-बीर सब भूल जा," दादा म्हणाले होते. "बटण दाबलं की झालं. मी दोन वर्षांपासून वापरून राहिलोय. एकदा ही सवय लागली ना, मग तुला जुनी सायकल बैलगाडी वाटेल."

आणि ते खरंच होतं. हँडलवरचं बटण हलकं दाबलं की मागचा डिरेलर, म्हणजे चेन या दात्यांवरून त्या दात्यांवर सरकवणारं यंत्र, झिर्रकन आवाज करून आपलं काम करायचा. त्याला काडेपेटीएवढी बॅटरी. ती खटकन निघायची, खटकन बसायची. तिच्या सायकलीला पुढे, पायडलपाशी, दात्यांचं एकच चक्र, त्यामुळे बॅटरीही एकच. दादांच्या रोड बाइकला पुढे दोन चक्रं, म्हणून पुढे एक बॅटरी आणि मागे एक. सगळ्या अगदी सारख्या, कोणतीही कुठेही बसणारी. मृणालनं एक जादा बॅटरी घेऊन ठेवली होती आणि ओळख पटावी म्हणून एकीवर मरून नेलपॉलिशचा एक ठिपका दिला होता, दुसरीवर दोन.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी क्लबची दोनशे किलोमीटरची राइड होती. पहाटे पाचला नानाखेड्याहून निघायचं, घटिया, घोंसला, आगर करत सुसनेरला पोचायचं आणि त्याच रस्त्यानं परत. साडेतेरा तासांची मुदत. ती पाळली तरच पुढच्या तीनशेच्या राइडला नाव देता येणार होतं. मृणालनं तीन महिने त्यासाठी पाय झिजवले होते. शनिवारी दुपारी तिनं दोन ठिपक्यांची बॅटरी पूर्ण चार्ज केली, हिरवा दिवा पाहिला आणि सायकलीला लावली. एवढ्या चार्जवर चार राइडी होतात, म्हणून एक ठिपकेवाली घरीच ठेवली.

सुसनेरहून परतताना ती आगरच्या ढाब्यावर पोचली तेव्हा साडेबारा वाजत आले होते. दादा तिथे आधीच बसले होते. त्यांना या वेळी अकरा तासांच्या आत राइड संपवायची होती. छप्पन्नाव्या वर्षी अकरा तासांच्या आत, हे त्यांनी महिनाभर सगळ्यांना ऐकवलं होतं. मृणालचं डोकं उन्हानं ठणकत होतं.

"आत खाटेवर जरा आडवी पड," दादा म्हणाले. "मी बघतो सायकलींकडे."

ती दहा मिनिटं आडवी पडली. तोंड धुऊन बाहेर आली तर दादा हेल्मेटचा पट्टा लावत होते. "चल, मी निघतो. तू आरामात ये. बहुत टाइम है."

तिनं दही-पराठा खाल्ला, पाणी भरलं आणि निघाली. पहिले सहा-सात किलोमीटर सायकल नीट चालली. सपाट रस्ता लागला म्हणून तिनं बटण दाबत दाबत सगळ्यांत जड गिअर घातला. तनोडियाच्या अलीकडे चढ दिसला तसं हलक्या गिअरसाठी बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं, बोट दुखेपर्यंत दाबलं. खाली वाकून पाहिलं तर डिरेलरवरचा दिवाही लागत नव्हता.

बॅटरी काढली, पुसली, परत बसवली. मेलेलीच. साठ किलोमीटर बाकी, गिअर सगळ्यांत जड, आणि बाजूनं गरम वारा. तिला आठवला एकच माणूस. तिनं दादांना फोन लावला.

"चार्ज करायला विसरलीस ना?" दादा धापा टाकत म्हणाले. "कितीदा सांगितलं मी."

"केली होती हो दादा. काल दुपारीच."

"अगं, वाटतं आपल्याला केली. चार्जर नीट लागलेला नसतो. तुम्हा लोकांच्या डोक्यात घर, शाळा, शंभर गोष्टी. आता ऐसे ही खींच ले. चढावर उतरून ढकल. काही होत नाही."

"सॉरी दादा, तुमचा वेळ घेतला."

हे वाक्य पुढे कित्येक दिवस तिच्या तोंडात कडवट होऊन राहिलं.

चढावर ती उतरून सायकल ढकलायची, उतारावर बसायची, सपाटीला उभी राहून पायडल मारायची. प्रत्येक फेरीला गुडघ्यात काहीतरी करकरायचं. घोंसल्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला बसून ती ओकली. आणि सबंध वेळ ती शनिवारची दुपार आठवत होती. हिरवा दिवा पाहिला होता का? की आधीच्या आठवड्यातला आठवतोय? नवऱ्यानं, जयंतनं, चार्जर काढला असेल? आपण खरंच इतक्या वेंधळ्या झालो आहोत का? ती नानाखेड्याला पोचली तेव्हा सात वाजून चार मिनिटं झाली होती. मुदत साडेसहाला संपली होती. क्लबचा सचिव केदार तिच्या नावाचं राइडचं कार्ड हातात घेऊन थांबला होता. त्यानं शिक्का न मारताच ते खिशात ठेवलं.

दादा दहा तास बावन्न मिनिटांत पोचले होते.

सोमवारी सकाळी ग्रुपवर दादांचा संदेश आला. 'सर्व रायडर्सना विनंती. राइडच्या आदल्या दिवशी बॅटरी चार्ज करून तपासून घेणे. काल आपल्या एका भगिनीला नाहक त्रास झाला. टेक्नॉलॉजी कितीही उत्तम असो, निष्काळजीपणाला औषध नाही.' खाली जोडलेले हात. त्याखाली अठरा जणांचे अंगठे. मृणालनं लिहिलं, 'हो दादा, चूक माझीच.'

मग शाळेला निघण्याआधी ती मेलेली बॅटरी चार्जरला लावायला गेली, आणि तिचा हात थांबला. बॅटरीवर ठिपका नव्हता. एकही नाही. नखानं खरवडलं, खिडकीपाशी नेऊन पाहिलं. एका बाजूला लांब ओरखडा होता, जो तिच्या कोणत्याच बॅटरीवर नव्हता. एक ठिपकेवाली कपाटात जागच्या जागी होती.

"कुठेतरी बदलली गेली असेल," जयंत चहा गाळता गाळता म्हणाला.

"आपोआप?"

जयंतनं गाळणी खाली ठेवली. क्लबात हे बिनतारी गिअर तिघांकडेच होते. तिसरा माणूस त्या दिवशी लग्नासाठी भोपाळला गेला होता.

राग नंतर आला. आधी आली ती शिसारी, जेवताना घासात केस लागावा तशी. 'मी बघतो सायकलींकडे.' तरीही आठवडाभर ती कोणाला काही बोलली नाही. चूक आपलीच निघाली तर, ही भीती अजून गेली नव्हती.

पुढच्या रविवारी केदारच्या अंगणात पोहे-जलेबी आणि दादांचा सत्कार होता. पंधरा-वीस माणसं. दादांच्या गळ्यात झेंडूचा हार, हातात द्रोण. त्यांची सायकल पेरूच्या झाडाला टेकवलेली होती. मृणाल कोणाशी न बोलता सरळ तिच्याकडे गेली, वाकली आणि मागची बॅटरी खटकन काढली. दोन ठिपके होते. मरून.

"दादा," ती म्हणाली, "ही माझी आहे."

तिला वाटलं होतं दादा चपापतील, नाही म्हणतील. त्यांनी जलेबीचा तुकडा तोंडात टाकला.

"हो का? अगं हां, त्या दिवशी माझ्या मागच्या बॅटरीचा दिवा लाल व्हायला लागला होता. तर तुझी लावली. सांगायचं राहून गेलं. इतनी सी बात!"

"मी तुम्हाला फोन केला होता."

"तेव्हा मी तनोडियाच्या कितीतरी पुढे होतो. परत येऊन देणार होतो का तुला?"

"तुम्ही म्हणालात, मी चार्ज करायला विसरले."

"तर काय म्हणायला हवं होतं? तू आणखी हैराण झाली असतीस."

मृणालला आपला आवाज फार शांत ऐकू आला. "तुमच्या सायकलीला दोन बॅटऱ्या आहेत. पुढची काढून मागे लावली असती तर मागचे सगळे गिअर चालले असते. माझ्याकडे एकच होती."

"पण मग पुढचं छोटं चक्र नसतं ना मिळालं," दादा समजावून सांगावं तसं म्हणाले. "घोंसल्याचा चढ आहे. पाच-सात मिनिटं गेली असती माझी. तुला काय, तू आरामातच येणार होतीस."

त्यांना खरंच काही वाटत नव्हतं. बोटाला लागलेला पाक ते चाटत होते. मृणालनं त्या बोटाकडे पाहिलं. याच माणसाचे पाय ती दर दिवाळीला शिवत आली होती.

"केदार," ती वळून म्हणाली, "दुसऱ्याची बॅटरी काढून केलेली ही राइड नियमात बसते का?"

केदार बँकेत नोकरीला होता आणि त्याच्या वडिलांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं दादांनी केली होती. तो म्हणाला, "मृणालताई, जाऊ द्या ना. घर की बात है. तुमच्यासाठी एप्रिलमध्ये बघू काहीतरी."

बाकीचे पोह्यांत लिंबू पिळत होते. कोणीतरी शेव मागितली. त्या एका माणसाच्या नीचपणापेक्षा हे लिंबू पिळणं तिला जास्त असह्य झालं. आपली बॅटरी खिशात घालून, दादांची ओरखडेवाली त्यांच्या शेजारी ठेवून ती बाहेर पडली. घरी येऊन ग्रुप सोडला.

बुधवारी संध्याकाळी दादांची बायको निहारिकावहिनी आली. अठ्ठेचाळीस वर्षांची, नेहमी परीटघडीची साडी, बोलताना वाक्य अर्धं सोडून 'काय की' म्हणायची सवय. तिच्या विसरभोळेपणावर दादा मंडळात विनोद सांगायचे आणि मृणालही हसायची. वहिनीनं पर्समधून नव्या बॅटरीचं खोकं काढलं.

"हे राहू दे तुझ्याकडे."

"त्यांनी पाठवलं?"

"त्यांना माहीत नाही. मी इंदूरहून मागवलं." मग तिनं खोकं मृणालच्या हातात दिलं. "मृणाल, एक विचारू? तू नक्की चार्ज केली होतीस?"

"हो वहिनी."

"आणि तरी तुला वाटलं, आपणच विसरलो?"

"दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत वाटत होतं."

वहिनीनं मान हलवली. "मला सव्वीस वर्षं वाटतंय."

मृणालनं खोकं बाजूला ठेवलं.

"गाडी ते घासून आणतात," वहिनी म्हणाली. "चार दिवसांनी मलाच विचारतात, कुठे ठोकलीस? लॉकरची किल्ली त्यांच्या ड्रॉवरमध्ये निघते, आणि म्हणतात, तूच ठेवलीस. भावाच्या मुलीचं लग्न होतं, मला तारीख त्यांनी चुकीची सांगितली. मग सगळ्यांसमोर, हिला काही लक्षात राहत नाही हो. मला पण तेच वाटायला लागलं. दोन वर्षांपासून मी गोळ्या घेते, स्मरणशक्तीच्या. सकाळ-संध्याकाळ."

"कोणी दिल्या?"

"त्यांनीच. आणखी कोण देणार?"

स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि दोघी दचकल्या. मृणाल उठून गॅस बंद करून आली. आता तिच्या मनात सायकल नव्हती, राइड नव्हती. तिला दिसत होता एक माणूस, रोज सकाळी बायकोच्या तळहातावर गोळी ठेवणारा. इतकी घाण वाटली की तिला नळाखाली हात धरावेसे वाटले.

"वहिनी, मी हसायचे तुमच्यावर," ती म्हणाली. "मंडळात. सगळ्यांबरोबर."

"माहीत आहे," वहिनी म्हणाली. "मी पण हसायचे."

त्यानंतर वहिनी आठ दिवस देवासला बहिणीकडे जाऊन राहिली. तिथल्या एका डॉक्टरांना गोळ्या दाखवल्या. ते म्हणाले, तुम्हाला यांची काहीच गरज नव्हती. मग ती परत आली. घर तिचंही होतं, ती म्हणाली, आणि आता ती सगळं डायरीत लिहून ठेवते, तारीख घालून. दादा त्यावरही विनोद करतात. मंडळात लोक अजून हसतात, असं मृणालच्या कानावर आलं.

एप्रिलमध्ये मृणालनं इंदूरच्या क्लबकडे नाव दिलं आणि दोनशे किलोमीटर बारा तास दहा मिनिटांत केले. गिअर एकदाही अडखळला नाही. शेवटी कार्डावर शिक्का बसला तेव्हा अनोळखी लोकांनी टाळ्या वाजवल्या, एका मुलीनं उसाचा रस आणून दिला. सगळं चांगलं झालं. फक्त प्रत्येक थांब्यावर, चहा पिण्याआधी, ती वाकून बॅटरी काढायची आणि मुठीत घट्ट धरून बसायची. समोर बसलेली माणसं साधी होती, आपापली केळी सोलत होती. तिच्या मुठीकडे बघून एकानं हसून विचारलंही, "मॅडम, इसको कौन ले जाएगा?"

मूठ उघडावी असं तिला वाटत होतं, पण उघडत नव्हती. त्या भल्या माणसांमध्ये तशी बसलेली मृणाल तिची तिलाच मुळीच आवडली नाही.