‘दे’ म्हटल्याशिवाय

सुतारानं टेबलाच्या कडांना चार बोटं उंचीच्या पट्ट्या ठोकल्या, तेव्हा सगळा हॉल त्याला हसला होता. जाळी काढून टाकलेली, चेंडू घरंगळत जाणारा, त्यात वाजायला खुळखुळ्याचे दाणे. याला काय टेबल टेनिस म्हणायचं? सुतार म्हणाला, माझ्या पोरीला जमेल ते टेबल टेनिस, बाकीचं तुम्ही खेळा. माणूस तिरसट खरा, पण पोरीच्या बॅटच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळताना त्याचा हात असा हलका चालायचा की बघत राहावं.

पोरगी म्हणजे बबडी. वय सव्वीस, जन्मापासून सगळं सावकाश शिकणारी, बोलणं मोजून चार-पाच शब्दांचं. चेंडू एकदा हातात आला की तिला तो सोडवतच नसे. छातीशी धरून उभी राहायची. मग सुतार पलीकडून म्हणायचा, "दे." घोगरा, लांबट ‘दे’. आठ महिने रोज संध्याकाळी हेच. एके दिवशी तिनं चेंडू खाली ठेवला, बॅटनं ढकलला आणि तो खुळखुळत बापाकडे आला. सुतार तिथल्या तिथे खुर्चीत बसून रडला, कुणाची भीडभाड न ठेवता. शाळा सुटल्यापासून जी पोर कुणात मिसळली नव्हती, ती आता संध्याकाळ झाली की चपला घालून दारात उभी. दिवसातला तेवढा एक तास तिचा होता.

आणि नेमका तेव्हाच सुताराचा घसा धरला. गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज जाईल. तीन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली. सुताराला आवाजाचं एवढं काय, तो तसाही कुणाशी धड बोलत नव्हता. पण बबडी हलायची ती फक्त त्या एका शब्दावर.

मग धावपळ सुरू झाली. हॉलवर शिकवणाऱ्या बाईंनी ‘दे’ म्हणून पाहिलं. बबडीनं त्यांच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. सुतारानं बॅटनं टेबलावर टकटक केली, हात पसरला. ती चेंडू धरून वाट बघत राहायची आणि शेवटी कळवळून त्यालाच ‘दे’ म्हणावं लागायचं. बाई चिडल्या, तुम्हीच विरघळता, ती शिकणार कशी? बरोबरच होतं त्यांचं. त्याला काय कळत नव्हतं? पण हाताशी उरलेले दिवस पोरीला ताटकळत ठेवण्यात घालवायचे, एवढं काळीज कुठून आणायचं? बाईंनी त्याचा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला. बबडीनं तो ऐकला, मोबाइल उलटा करून पाहिला आणि बापाच्या तोंडाकडे बघत बसली.

तीन आठवडे बघता बघता गेले.

ऑपरेशननंतर दीड महिन्यानं सुतार हॉलवर आला. मानेला भोक, त्यातून श्वास, वरून पांढरं फडकं. बबडी टेबलाच्या तिच्या बाजूला उभी होतीच, चेंडू छातीशी. आत्या तिला रोज आणायची, म्हणे. तासभर तशीच उभी राहायची आणि घरी जायची. एक चेंडू कुणाशी खेळली असेल तर शपथ.

सुतार पलीकडे जाऊन उभा राहिला. टकटक केली. हात पसरला. ओठांनी ‘दे’ केलं. ओठ नुसतेच हलले, तोंडातून वारासुद्धा बाहेर पडला नाही.

बबडीनं जरा वेळ वाट पाहिली. मग चेंडू टेबलावर ठेवला. बाई दोन पावलं पुढे आल्या. पण तिनं बॅट उचललीच नाही. लाकडी पट्टीवरून हात फिरवत ती वळसा घालून बापाजवळ आली, त्याच्या ओठांवर दोन बोटं ठेवली आणि थेट त्याच्यासारखंच, घोगरं, लांबट म्हणाली,

"दे."

हा शब्द तिनं आजवर कधी उच्चारला नव्हता. सुतारानं तिची बोटं घट्ट धरली. द्यायला त्याच्याकडे काही नव्हतं. तिनं बोटं सोडवून घेतली आणि तो पसरायचा तसा हात पसरून त्याच्यासमोर उभी राहिली. तास संपेपर्यंत तिनं तो खाली घेतला नाही.