शेवटच्या धारा

माझ्या जिभेला हाड नाही, हे माझी सासू मरेपर्यंत सांगत होती आणि आता माझी पोरं सांगतात. मी कधी मनावर घेतलं नाही. तीन लेकरं वाढवली, दोन गाई सांभाळल्या आणि गल्लीतल्या निम्म्या बाळंतिणींना त्यांनी न विचारता सल्ले दिले. कुणाचं काही बिघडलं नव्हतं. निदान मला तरी कुणी तसं सांगितलं नव्हतं.

आमच्या गोठ्याला लागून आत्याचा गोठा, मध्ये कमरेएवढी भिंत. आत्या म्हणजे माझी सख्खी कुणी नव्हे, अख्खी गल्लीच तिला आत्या म्हणते. तिचा मुलगा ट्रकवर असतो, महिन्यातून चार दिवस घरी. त्याची बायको चालते ती पळाल्यासारखी, म्हणून मी तिला तुरतुरी म्हणायला लागले आणि तेच नाव तिला चिकटलं. तुरतुरीला आठवा महिना असताना आत्या शेणावरून घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. प्लास्टर निघालं, बाळही जन्माला आलं, पण आत्याची मूठ काही वळेना. धार काढायला तर मूठच लागते. त्यामुळे गाय सुनेच्या गळ्यात पडली, आणि गाय तरी कशी, तर जरा कुणाचा हात वेगळा लागला की लाथ झाडणारी.

बाळ मुलगी. जन्मली तेव्हाच एवढीशी होती, म्हणून आत्या तिला मुंगी म्हणायची. दिवसभर मुंगी आत्याच्या डाव्या हातावर असायची. तुरतुरी पाजायला बसली तेवढाच वेळ ती आईकडे.

ते दिवस उन्हाळ्याचे होते. जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या, सकाळी आठलाच वारा भाजायला लागायचा आणि दूध नासायचं, म्हणून डेअरीची खिडकी साडेसहाला बंद व्हायची. त्याआधी दूध पोचलं तर पोचलं, नाहीतर ते घरातच. एके दिवशी सहा वाजत आले तरी तुरतुरी उपड्या बादलीवर बसून मुंगीला पाजत होती. गाय हंबरत होती, दाव्याचं वासरू नाचत होतं.

"काकू, ही सोडतच नाही हो," ती भिंतीपलीकडून म्हणाली. "अर्धा तास झाला. आता धार कधी काढू आणि डेअरीत कधी जाऊ?"

मी माझ्या गाईच्या कुशीला डोकं टेकून धार काढत होते. तोंड रिकामंच होतं.

"मग ओढ की तिला," मी म्हटलं. "वासराला नाही का ओढत? पान्हा फुटला, चार घोट पोटात गेले, की झालं. पुढचा सगळा चाळा असतो."

"असं चालतं?"

"न चालायला काय झालं? माझी तिन्ही अशीच वाढलीत. बघ कशी रेड्यासारखी झालीत."

ती हसली. वासराच्या तोंडातून सड सोडवायला आपण ओठाच्या कोपऱ्यात बोट घालतो, तशी तिने मुंगीच्या ओठात करंगळी घातली आणि अलगद सोडवून घेतलं. मुंगी थोडी कुरकुरली आणि आत्याच्या हातावर जाऊन झोपली. तुरतुरी वेळेत डेअरीत पोचली. येताना मला म्हणाली, "काकू, तुम्ही होतात म्हणून."

मी फुगले. खोटं कशाला बोलू, कुणी असं म्हटलं की मला आवडतं.

मग ते रोजचंच झालं. सकाळी धारेची घाई, दुपारी चारा कापायचा, संध्याकाळी पुन्हा धार. मुंगी चार घोट प्यायली की करंगळी ओठात. रडायची, पण रडून थकली की झोपायची. आत्या म्हणायची, "किती शहाणं लेकरू आहे, त्रास म्हणून देत नाही." मीही भिंतीवरून मान हलवायचे.

महिन्याने शाळेच्या ओट्यावर सरकारी दवाखान्यातली सिस्टर बाळांची वजनं करायला आली. तिने दाराच्या चौकटीला झोळीचा काटा टांगला आणि मुंगीला त्यात ठेवलं. काटा बघितला, वही बघितली, पुन्हा काटा बघितला.

"मागच्या महिन्यात चार किलो. आज चार किलो पन्नास. महिनाभरात नुसते पन्नास ग्रॅम?"

सिस्टर तुरतुरीकडे वळली. "पोटभर पाजतेस ना?"

"पाजते की," तुरतुरी म्हणाली. तिने एकदा माझ्याकडे बघितलं. मी माझ्या पदराचा सुटलेला धागा बघत होते.

"वरचं काही देता का? पाणी, साखरपाणी?"

तेव्हा आत्या पुढे झाली. "दुपारी दोन चमचे पाणी देते मी. ऊन किती आहे, घसा सुकतो म्हणून."

झालं. सिस्टर एवढी तापली की बघायला नको. सहा महिने पाण्याचा थेंब नाही, हे किती वेळा सांगायचं, पाण्याने पोट भरलं की दूध कोण पिणार, तुम्हा म्हाताऱ्यांना कळत कसं नाही. शेवटी म्हणाली, "आठ दिवसांनी पुन्हा आणा. वजन वाढलं नाही तर मोठ्या दवाखान्यात भरती करावं लागेल. आणि आजी, तुम्ही जरा लांब राहा बाळापासून."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती अशी. आणि चोर तिथेच, मूग गिळून बसलेला. दोन चमचे पाणी चूकच होतं, सिस्टरचं काही खोटं नव्हतं. पण दोन चमच्यांनी लेकरू असं वाळत नाही, एवढं तीन पोरांच्या आईला कळतं. मला तिथेच कळलं होतं. बोलावं असं वाटलंही. पण पंधरा बायका बसल्या होत्या आणि त्यातल्या निम्म्यांना मी कधी ना कधी शहाणपण शिकवलेलं.

त्या दिवसापासून आत्याने मुंगीला हात लावला नाही. नातीचं दुपटं धुवायची, वाळत घालायची, घडी करून उंबऱ्यावर ठेवायची. मुंगी रडली की उठायची, दारापर्यंत जायची आणि परत येऊन बसायची. मोडका हात मांडीवर ठेवून त्याच्याकडेच बघत राहायची. मला भिंतीवरून सगळं दिसायचं. मी गोठ्यात जायच्या वेळा बदलल्या.

तिसऱ्या दिवशी डेअरीच्या रांगेत मी तुरतुरीच्या मागे उभी होते. सिस्टरच्या धाकाने तिची झोप उडाली होती, डोळे खोल गेले होते. डेअरीवाल्याने तिच्या दुधाचा नमुना मशीनला लावला आणि भुवई चढवली.

"वहिनी, आज फॅट तीनवर आली. रोज चारला असते. पाणी घातलं की काय?"

पाणी म्हटल्याबरोबर ती दचकली. "नाही हो भाऊ. बाळ रडलं म्हणून धार अर्धी सोडून उठले."

"मग बरोबर आहे," तो म्हणाला. "सगळी साय शेवटच्या धारांत. पहिलं दूध म्हणजे नुसतं निळं पाणी. शेवटच्या धारा कुणाला दिल्या म्हणायच्या, वासराला? मजा आहे त्याची. पण तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही रोजच्या."

मागच्या बायका हसल्या. तुरतुरी हसली नाही, खिडकीपाशीच उभी राहिली. किटली रिकामी करून तिच्या हातात दिली तरी तिचं लक्ष नव्हतं. मी तिच्या पाठीमागे दोन हातांवर होते. रोज सकाळी कास पार कोरडी होईस्तोवर पिळणाऱ्या आम्ही बायका. शेवटचं दूध घट्ट असतं, हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत. गाईचं माहीत होतं. स्वतःच्या अंगाचं कुणाच्या डोक्यात आलं नाही.

परतताना ती पहिल्यांदाच हळू चालत होती. वाटेतली धूळ पायाने उडवत म्हणाली, "काकू, तुमची तिन्ही खरंच तशीच वाढली?"

मी म्हटलं, "चल लवकर, ऊन चढलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या गोठ्यात गाय हंबरत राहिली. मी भिंतीवरून डोकावले. तुरतुरी घरात भिंतीला पाठ टेकून बसली होती आणि मुंगी पीत होती. सहा वाजले. सव्वासहा झाले. करंगळी काही पुढे आली नाही. मुंगी आधी भराभर ओढायची, मग थांबायची, मग पुन्हा सावकाश ओढायची, आणि तुरतुरी डोळे मिटून रडत होती. आवाज नाही, नुसतं पाणी गळत होतं.

मी भिंत ओलांडली. या वयात मी भिंती ओलांडत नाही, पण ओलांडली. वासरू सोडलं, पान्हवून घेतलं आणि बसले त्या गाईखाली. पहिली लाथ बादलीला बसली, दुसरी माझ्या गुडघ्याला. अर्धं दूध सांडलं, खिडकीही बंद झाली होती. लंगडत उरलेलं दूध दारात नेऊन ठेवलं, तर आत्या म्हणाली, "कशाला एवढं करतेस गं आमच्यासाठी? देव बरं करो तुझं."

ती लाथेपेक्षा जास्त लागली.

पाच दिवस मी धार काढली. पाच दिवस आत्याचे आशीर्वाद खाल्ले. गुडघा सुजला तो वेगळाच.

आठव्या दिवशी पुन्हा शाळेचा ओटा, पुन्हा त्याच बायका. मुंगी झोळीत पाय झाडत होती. सिस्टरने काटा बघितला आणि हसली. "चार किलो दोनशे तीस. आठ दिवसांत चांगलंच धरलंय हिने. आता भरतीची गरज नाही." मग आत्याकडे वळून म्हणाली, "बघा आजी, पाणी बंद केलं आणि लगेच फरक पडला की नाही?"

आत्याने मान खाली घातली. "चुकलंच माझं. लेकराच्या जिवावर बेतलं असतं."

तुरतुरीने तोंड उघडलं. काय बोलणार होती ते मला दिसत होतं. बोलली असती तर दोष स्वतःवर घेतला असता, माझं नाव काढलं नसतं. पोरगी तशीच आहे.

"पाण्याचं नाही ते सिस्टर," मी म्हटलं. एवढा मोठा आवाज निघेल असं मलाही वाटलं नव्हतं. "पाणी चूक असेल, पण लेकरू वाळलं ते माझ्यामुळे. चार घोट पाजून ओढून घे, असं मी हिला सांगितलं. माझी तिन्ही अशीच वाढली म्हणून सांगितलं, तेही खोटं. माझी सासू होती तेव्हा गोठ्यात. धार ती काढायची आणि मी लेकराला घेऊन तासतास बसायचे. मला कधी कुणी उठवलं नाही."

एक बाई म्हणाली, "अगंबाई."

तुरतुरी हळूच म्हणाली, "काकूंनी नुसतं सांगितलं. ओढलं मी. मला घाई होती."

आत्या माझ्याकडे बघत होती. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने झोळीतून मुंगीला डाव्या हातावर घेतलं, उजवा मोडका हात खालून लावला आणि तिचं डोकं नाकाशी धरून खोल वास घेतला. आठ दिवसांनी घेत होती. मग पायऱ्या उतरली. शेवटच्या पायरीवरून वळून म्हणाली, "हिचं दूध सुटेपर्यंत आमची धार तू काढायची. सकाळ-संध्याकाळ. आणि काढताना तोंड बंद."

मी हो म्हटलं.

तेव्हापासून मी दोन गोठ्यांत बसते. आधी आत्याची गाय. आता लाथ कमी मारते, पण विसरलेली नाही. पलीकडे खोलीत तुरतुरी निवांत बसलेली असते, आणि मुंगीचा घोट घ्यायचा आवाज भिंतीतून येतो. तो थांबेपर्यंत मी त्यांच्या गाईची कास पार कोरडी करते, त्यांच्या किटलीत शेवटचा थेंबसुद्धा जातो. मग माझ्या गाईखाली बसते. तिथे मात्र थोडं आधीच उठते आणि वासराचं दावं सोडते. माझी वासरंही इतकी वर्षं पहिल्या चार घोटांवरच उठत होती.

परवा डेअरीवाल्याने माझा नमुना लावला आणि म्हणाला, "काय हो काकू, तुमची फॅट रोज कमीच येते हल्ली. शेवटच्या धारा कुणाला देता?"

तोंड उघडायची सवय जाता जात नाही. पण मी एवढंच म्हटलं, "ज्याच्या होत्या त्याला."